सहावी जळू

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दाजीशास्त्री नावाचे वैद्य राहत. रक्तदाब चढून कुणाचे डोके ठणकू लागले, चेहरा लालबुंद झाला, की ते जळवा लावून दाब उतरवत. त्यांच्या गुरूंनी बजावले होते, जळवा फार तर सात; पण लावताना नाडीवरचे बोट उचलायचे नाही, नाडी सांगेल तिथे थांबायचे.

म्हातारपणी शास्त्रीबुवांची बोटे बधिर झाली. नाडी लागेना. पण पंचक्रोशीत नाव झालेले, सांगायचे कोणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची! ते रोग्याचे मनगट धरून डोळे मिटत, मान डोलवत आणि मोजून सात जळवा लावत. एकदा गावचा कासार उपचारानंतर उंबऱ्यातच भोवळ येऊन पडला, महिनाभर उठला नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, त्याचे रक्तच पातळ.

मग एके दिवशी त्यांच्या पत्नीचा, सुभद्राबाईंचा रक्तदाब चढला. शास्त्रीबुवांनी तीन जळवा लावल्या. मनगट धरले, पण हाताला काहीच लागेना. चौथी उचलली आणि कासार आठवला. ही गेली तर आपले कसे व्हायचे, या विचाराने म्हाताऱ्याला रडू फुटले.

"अगं, मला नाडी लागत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"ठाऊक आहे मला. दूध तापलंय का ते तुम्ही हल्ली बोटाऐवजी ओठ लावून बघता. कधी सांगताय, याची वाट बघत होते."

सुभद्राबाईंनी आपलीच बोटे आपल्या मनगटावर ठेवली आणि नाडीबरोबर पायाचा अंगठा जमिनीवर आपटू लागल्या. आधी ठोके घण मारल्यासारखे पडत होते. चौथी जळू लागली तसे ते सैल झाले, पाचवीला संथ. शास्त्रीबुवांनी सहावी उचलली.

"आता पुरे," बाई म्हणाल्या.

दोन वर्षांत पहिल्यांदाच शास्त्रीबुवांनी सातच्या आधी, पाचावर हात थांबवला आणि हळद टाकून जळवा सोडवल्या. संध्याकाळी बाई चुलीपाशी बसून त्यांनाच भाजी चिरायला लावत होत्या.

शास्त्रीबुवांनी कासाराच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्यानंतर प्रत्येक रोग्याच्या नाडीवर सुभद्राबाईंचे बोट असे. बायकोला विचारून उपचार करणारा वैद्य म्हणून लोक थट्टा करत. शास्त्रीबुवाही हसत आणि म्हणत, "ती म्हणेल तिथे मी थांबतो, म्हणून तुम्ही आपल्या पायांनी घरी जाता."

तात्पर्य: उपचार ठरलेल्या आकड्यावर करू नये, रोग्याचे शरीर त्या क्षणी काय सांगते ते पाहत करावा, आणि ते आपल्याला कळत नसेल, तर ज्याला कळते त्याला विचारायला लाजू नये.