मथूआत्याचे चिंचोके

कोंढरी गावात जेव्हा चिंचेचं एकच झाड होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात मथूआत्या नावाची सुईण राहत होती. गावातल्या बहुतेकांना या जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते तिनंच. म्हातारपणी तिची नजर गेली, पण नुसता तळहात चाचपून ती माणूस ओळखायची. तिच्या हातांना कायम तान्ह्या बाळाचा वास यायचा, असं म्हणतात.

एका वर्षी गावात पहिल्यांदाच ग्रामपंचायतीची निवडणूक आली. तेव्हा चिठ्ठी नव्हती, पेटी नव्हती. चावडीपुढे जमायचं आणि आपल्या माणसासाठी हात वर करायचा. एकीकडे रंगराव पाटलांचे मेहुणे उभे होते आणि दुसरीकडे खालच्या वाडीचा धोंडी कुंभार. जो निवडून येईल, तो नवी विहीर कुठे खणायची ते ठरवणार होता. वाडीच्या बायका ओढ्यात झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. त्याच गढूळ पाण्यात मथूआत्यानं कितीतरी बाळं न्हाऊ घातली होती.

पण पाटील चावडीच्या ओट्यावर बसले होते आणि वाडीतली माणसं त्यांच्याच शेतात राबत होती. त्यांच्या डोळ्यांदेखत हात वर करणार कोण?

"साहेब, सगळ्यांना डोळे मिटायला सांगा," मथूआत्या म्हणाली.

तालुक्याहून आलेले साहेब हसले. "आणि मोजायचं कुणी, आजी?"

"मी आहे की! माझे मिटलेलेच आहेत."

मग तिनं दोन मडकी मागवली आणि चिंचोक्यांनी ओटी भरून घेतली. सगळ्या गावानं डोळे मिटले. आधी पाटलांच्या मेहुण्यांसाठी हात वर झाले, मग धोंडीसाठी. मथूआत्या रांगांमधून सावकाश फिरत होती. वर केलेल्या प्रत्येक हाताला ती हलकेच शिवायची आणि एक चिंचोका मडक्यात टाकायची. वारा थांबला, चिमण्या गप्प झाल्या. टप्, टप् एवढाच आवाज येत होता. तिच्या स्पर्शानं कुणाला झोप आल्यासारखं वाटलं, कुणाला आई आठवली, असं म्हणतात.

पाटलांना राहवलं नाही. त्यांनी हळूच एक डोळा उघडला. आणि काय पाहावं? समोर सगळे हात होते तान्ह्या बाळांचे! मऊ, गुलाबी, मुठी वळलेले. कुठला हात कुणाचा, त्यांना काही कळेना. त्यांनी घाबरून डोळा मिटून घेतला.

मग साहेबांनी दोन्ही मडक्यांतून एकेक चिंचोका बरोबरीनं काढायला सुरुवात केली. काढता काढता दोन्ही मडकी एकदमच रिकामी झाली. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"आत्या," पाटील म्हणाले, "मोजता मोजता तुझाच हात राहिला की गं. कर आता वर. सगळे बघतायत."

मथूआत्याची झोपडी पाटलांच्या जागेत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं ओटी चाचपली. एकच चिंचोका उरला होता.

"बघू देत की," ती म्हणाली. "कोण बघतंय ते मला कुठं दिसतंय, रंगू?"

आणि धोंडीच्या नावानं तिनं हात वर केला.

आधी एक बाई हसली, मग सगळं गाव हसलं. पाटील मात्र खाली बघत होते. पुढे वाडीत विहीर झाली. पहिली घागर मथूआत्यानं ओढली, तेव्हा पाण्याला कोमट दुधाची चव होती, असं म्हणतात. झोपडी काही कुणी हलवली नाही. पाटलांच्या घरी नातू झाला, तेव्हा त्यालाही आंघोळ घालायला मथूआत्यालाच बोलावलं, आणि पाणी वाडीच्या विहिरीचं आणलं.

आता कोंढरीत मतदान शाळेत होतं आणि यंत्रावर बटण दाबायचं असतं. पण पहिल्यांदा मत देणाऱ्याच्या हातावर गावातली सगळ्यांत म्हातारी बाई आजही एक चिंचोका ठेवते. तो मुठीत धरून क्षणभर डोळे मिटायचे, मग आत जायचं. मत कुणाला दिलं हे त्या गावात कुणी विचारत नाही. मत देऊन आलं की चिंचोका वाडीच्या वाटेवर मातीत पुरायचा.

म्हणून त्या वाटेवर आता भर दुपारीसुद्धा ऊन लागत नाही.