हळदीचे ऊन

फार पूर्वी, दोन उंच डोंगरांच्या चिमटीत एक गाव वसलेले होते. दक्षिणेचा डोंगर इतका उभा होता की मार्गशीर्ष लागला की सूर्य त्याच्या आडूनच चालत जाई आणि गावावर दिवसभर डोंगराची सावली पडून राही. ऊन पडे ते फक्त एका जागी. गावाच्या उत्तरेला, शंभरेक पावले चढून गेल्यावर, एक सपाट काळा कातळ होता. हिवाळ्यातले सारे ऊन त्या कातळाच्या वाट्याला येई.

गावाचे पीक हळदीचे. हळद काढून, उकडून त्या कातळावर वाळत घालीत, आणि हळद पसरणे-हलवणे सोडून तिथे माणसाने पाऊल ठेवू नये असा नियम होता. वाळत्या हळदीवर माणसाची सावली पडून राहिली तर तिचा रंग उतरतो, असे सांगत. मुळात हा नियम गुरांसाठी असावा. कधीकाळी कुणाच्या गुरांनी हळद तुडवली असेल, म्हणून गुरांना बंदी झाली. मग गुराख्याला, मग सगळ्यांनाच. रूढीचे असेच असते. तिचे कारण लोक विसरतात, शिक्षा मात्र विसरत नाहीत.

दुसरी एक रूढी याहून वाईट होती. दर हिवाळ्यात गावातली काही माणसे खचत. त्यांना उठवेना, जेवण जाईना, कुणाशी बोलवेना. गाव म्हणे, याच्यावर डोंगर बसला. अशा माणसाला माजघरात निजवायचे, खिडकीवर जाड घोंगडी टांगायची, दाराच्या फटी शेणामातीने लिंपायच्या आणि खालून ताट सरकवण्यापुरती जागा ठेवायची. आतली ऊब बाहेर जाऊ नये, हा त्यामागचा विचार. होळीच्या दिवशी दार उघडायचे.

या गावात एक विणकर होता. त्याच्या घोंगड्यांना आसपास तोड नव्हती. एका वर्षी पौषात त्याचा माग थांबला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. बायकोने विचारले तर म्हणे, "काही दुखत नाही. काही वाटतच नाही."

आठ दिवसांनी पाटील, वैद्य आणि चार माणसे शेणामातीची पाटी घेऊन दारात आली. विणकराची बायको उंबऱ्यावर उभी राहिली.

"वहिनी, बाजूला व्हा," पाटील म्हणाला. "अडीच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"भाऊजी, अडीच महिने तुम्ही काळोखात बसून दाखवा. मग मी होते बाजूला."

"मी कुठं आजारी आहे?"

"बसलात की व्हाल."

मागे कुणीतरी हसले आणि पाटलाने वळून पाहिल्यावर खोकले.

बाई वैद्याकडे वळली. "वैद्यबुवा, मागच्या वर्षी किती जणांना कोंडलंत?"

"नऊ."

"होळीला चालत किती बाहेर आले?"

"सात."

"आणि दोन?"

वैद्य पाटीतल्या शेणामातीकडे बघत राहिला. "दोघांना उचलून आणावं लागलं," तो म्हणाला.

"सात चालत आले ते तुमच्या काळोखानं बरे झाले, की फाल्गुनात सूर्य डोंगरावर आला म्हणून? कधी विचार केलात?"

"माझे गुरू असंच करत आले."

"मी गुरूंना विचारत नाहीये, तुम्हाला विचारतेय. घोंगडी खिडकीत टांगून तुम्ही माणसांचा उजेड बंद करता, आणि ती घोंगडी माझ्याच नवऱ्याकडून विणून घेता. सगळ्या गावाला मिळून एवढासा कातळ उन्हाचा, आणि तोही हळदीचा. हळदीला ऊन आणि माणसाला काळोख, हा कुठला न्याय आहे ते तरी सांगा. तोवर हे दार मी लिंपू देणार नाही."

बाईचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो सगळ्यांना ऐकू गेला. पाटलाला माघार घ्यायची सवय नव्हती, पण दोन मेलेल्या माणसांचा उल्लेख चारचौघांत झाला होता. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. कातळाच्या कडेला एका माणसापुरती पट्टी मोकळी करून देतो. एकवीस दिवस. एकविसाव्या दिवशी यानं सगळ्यांसमोर माग चालवला पाहिजे. नाही जमलं तर दार लिंपलं जाईल आणि तुम्ही मध्ये पडणार नाही."

"कबूल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने त्याच्या अंगावरची घोंगडी काढली.

"कशाला?" तो म्हणाला.

"वाद घालायची ताकद आली की सांगीन. बरं वाटून घ्या असं मी म्हणत नाही. नुसते पाय जमिनीवर ठेवा."

पाय जमिनीवर ठेवायला त्याला बराच वेळ लागला. मग कोमट पाण्याने तोंड धुणे, मग शंभर पावलांचा चढ. त्या चढात तो सातदा थांबला. ती प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर थांबली आणि तिने एकदाही 'चला' म्हटले नाही. कातळावर तिने त्याचे मुंडासे सोडवले, उन्हाकडे तोंड करून त्याला बसवले आणि शेजारी बसून लोकर कातू लागली. एका बाजूला तो, एका बाजूला हळद.

हळद हलवायला येणाऱ्या बायकांना करमणूक झाली. "विणकरदादा, एक बाजू झाली. आता पलटा," एक म्हणाली.

"यांना आधी उकडलंय का? नाहीतर कीड लागेल हो," दुसरी म्हणाली.

पहिल्या दिवशी त्याने ऐकले की नाही, कळले नाही. सहाव्या दिवशी त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. बायकोने ते पाहिले आणि मान फिरवून लोकर कातत राहिली.

बाकी दिवस तिने साधा ठेवला. दुपारी तीळ घातलेली गरम बाजरीची भाकरी आणि पालेभाजी. दिवसा आडवे व्हायचे नाही, आणि दिवेलागणीनंतर जेवून वेळेवर झोपायचे. रोज लोकरीची एक गुंडी त्याने उकलायची, एकच. जास्त उकलू लागला तर ती काढून घेई. रोज कुणातरी एकाने घरी येऊन त्याच्याशी बोलायचे, मग तो उत्तर देवो वा न देवो. यात कुठलेही औषध नव्हते, आणि गावाला नेमका याचाच राग होता. पारावर बसून लोक म्हणत, नुसत्या उन्हात बसून कुणी बरे होते का, ही तर आळशाची चैन आहे. ज्यांनी आयुष्यात एकही हिवाळा असा काढला नव्हता, त्यांची मते सर्वांत ठाम होती.

नवव्या दिवशी आभाळ भरून आले. तीन दिवस ऊन पडले नाही. अकराव्या दिवशी विणकर उठेना.

"कोंडा मला," तो भिंतीला म्हणाला. "तिथं निदान कुणी उठवायला येणार नाही."

त्याची बायको अंगणात येऊन बसली आणि रडली. त्या रडण्यात दुःख थोडे होते. तिला राग आला होता: डोंगराचा, ढगांचा, पाटलाचा, आणि ज्याच्यासाठी ती सगळ्या गावाशी भांडली त्याचासुद्धा. वैद्य रस्त्याने चालला होता. तो थांबला.

"आज का नाही नेलं?"

"ऊन कुठं आहे?"

वैद्याने वर पाहिले, मग तिच्या घराच्या काळ्या दाराकडे पाहिले. "ढगांतूनही जेवढा उजेड येतो, तो त्या माजघरापेक्षा पुष्कळ जास्त आहे," तो म्हणाला. "मी काल बसून पाहिलं. स्वतःच्या माजघरात, दार लावून. एक प्रहर." अंगणात पाऊल टाकत तो म्हणाला, "प्रहरसुद्धा पुरा झाला नाही. चला, उजवा हात मी धरतो."

दोघांनी मिळून त्याला कातळावर नेले. त्या दिवशी तो जेवला.

एकविसाव्या दिवशी गाव विणकराच्या दारात जमले. शेणामातीची पाटी आली होती. विणकर स्वतःच्या पायांनी मागाजवळ गेला, बसला आणि त्याने धोटा हातात घेतला. धोटा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. चार बोटे घोंगडी विणून झाली, आणि त्याचे हात थांबले. ते पुढे चालेनात.

"एवढ्यानं भागत नाही," पाटील म्हणाला. "माग चालवायचा ठरला होता. चेहराही अजून उतरलेलाच आहे. वहिनी, बोली तुम्हीच मान्य केलीत. लिंपा रे."

बाई दारातून बाजूला झाली. तिने शब्द दिला होता. चार माणसे पुढे झाली.

विणकर मागावरून उठला.

"पाटील, हळदीला किती दिवस ऊन देता?"

पाटील गोंधळला. "पंधरा."

"पंधरा दिवसांनी एखादं हळकुंड ओलंच राहिलं तर?"

"आणखी चार दिवस ठेवतो."

"तरी ओलं राहिलं तर?"

"आणखी ठेवतो. हळकुंडच ते, सगळी एकदम कशी वाळतील?"

"काळोखात टाकत नाही?"

पाटील मुंडासे नीट करू लागला.

"टाकत नाही," विणकर म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. कितीतरी दिवसांत तो एवढे बोलला नव्हता. "कारण तिथं ते कुजेल, हे तुम्हाला माहीत आहे. हळदीचं तुम्हाला सगळं माहीत आहे. तिला चार दिवस जास्त देता, आणि मी चार बोटं विणली तर ती तुम्हाला कमी पडतात. या गावात माणूस म्हणून जन्मलो ही माझी चूक झाली का?"

"आवाज खाली," पाटील म्हणाला.

"नको," वैद्य म्हणाला. "वरच राहू दे. पाटील, महिन्याभरात हा माणूस आज पहिल्यांदा रागावला आहे. मी पुष्कळ खचलेली माणसं पाहिली. त्यांना राग येत नाही, काहीच येत नाही. याला आला. याचं दार लिंपायचं असेल तर आधी माझं लिंपा."

शेणामातीची पाटी धरलेल्या माणसाने ती खाली ठेवली.

"पण हळदीचा रंग," पाटील म्हणाला. आता त्याच्याजवळ एवढेच उरले होते. "एकवीस दिवस त्या पट्टीशेजारच्या हळदीवर याची सावली पडली आहे."

सगळे कातळावर गेले. विणकर जिथे बसे त्याला लागूनचे एक हळकुंड पाटलाने उचलून मोडले, आणि दूरच्या टोकाचे दुसरे मोडले. दोन्ही आतून सारखीच पिवळी होती. त्याने तिसरे मोडले, चौथे मोडले. लोक पाहत होते.

तेव्हा गर्दीतून एक बाई पुढे आली. गेल्या होळीला ज्या दोघांना उचलून बाहेर आणावे लागले, त्यांतल्या एकाची ती बायको. तिने पाटलाच्या हातातून मोडलेले हळकुंड घेतले आणि बराच वेळ पाहिले.

"रंग उतरत नाही," ती म्हणाली.

"नाही," पाटील म्हणाला.

"मग माझ्या माणसाला इथं का बसू दिलं नाही?"

 पाटलाने वाकून कातळाच्या अर्ध्या भागावरची हळद स्वतःच्या हाताने बाजूला सारायला सुरुवात केली. त्याला कुणी मदत केली नाही. गावातले लोक खाली उतरले होते. त्या वर्षी लिंपलेली पाच दारे होती. ती त्यांनी दिवस मावळायच्या आत उघडली, आणि आतली माणसे डोळ्यांवर हात धरून, एकमेकांच्या आधाराने, तो शंभर पावलांचा चढ चढून आली.

पुढच्या हिवाळ्यात डोंगर पुन्हा आडवा आला आणि विणकर पुन्हा थोडा खचला. मात्र मार्गशीर्षाच्या पहिल्याच सकाळी तो उठून कातळावर गेला, आणि तिथे जागा मिळवण्यासाठी त्याला कुणाशी भांडावे लागले नाही.

तात्पर्य एवढेच: हिवाळ्यात खचलेला माणूस आळशी नसतो आणि लपवण्याजोगाही नसतो, त्याला रोजचा उजेड, थोडी हालचाल, वेळेवर जेवण-झोप आणि शेजारी बसणारे कुणीतरी हवे असते. आणि हे त्याच्यापासून हिरावणाऱ्या रूढीला कारण विचारायला कुणी मरेपर्यंत थांबू नये.