काळ्या डागातल्या चांदण्या

एका राजाच्या गावाला आभाळाची भीती बसली, तेव्हाची ही गोष्ट. हुंकार देत राहा म्हणजे मला कळेल कोण जागं आहे ते.

राजाचं नाव धवलसेन, राणीचं नाव चंपावती. त्यांच्या गावातून आकाशगंगा स्वच्छ दिसायची. पण तिच्या मधोमध एक काळा डाग होता. तिथे एकही चांदणी नाही. एक दिवस राजज्योतिषी म्हणाला, "ते राक्षसाचं तोंड आहे. वरच्या चांदण्या खाऊन झाल्या की ते खाली उतरेल." झालं. लोक गाड्या भरायला लागले.

राणीचे दिवस भरत आले होते. ती म्हणाली, "या तोंडाखाली मी बाळंत व्हायची नाही. मला माहेरी धाडा." माहेर लांब. वाटेत अवघड घाट आणि वाघाचं रान. राणीला पाठवायचं म्हणजे जिवाला धोका, आणि ठेवून घ्यावी तर ती जेवेना, झोपेना.

मग राजाने तुंगाबाईला बोलावलं. ही आभाळाचा अभ्यास करायची. काचा घासायची, नळीत बसवायची आणि बघत राहायची. राजाने विचारलं, "त्या डागात काय आहे?"

ती म्हणाली, "ठाऊक नाही, महाराज. बघून सांगते."

आधी तिने मोठी काच लावली. काळं ते काळंच. पण डागाच्या कडेच्या चांदण्या तांबूस आणि मंद दिसत होत्या, वावटळीत सूर्य दिसतो ना, तशा. म्हणजे ते भोक नव्हतं. मध्ये धूळ आली होती.

मग तिने दुसरी काच केली. ही गोष्टीतली काच, बरं का. तिला उजेडाऐवजी ऊब दिसायची, कारण धूळ उजेड अडवते, पण ऊब तिच्यातून निसटून येते. तुंगाबाईने काच आभाळाकडे धरली, तर सगळीकडे नुसता झगझगाट. काच स्वतःच कोमट होती, ती आपलीच ऊब बघत बसली. शिवाय खालची दमट हवा आड येत होती.

मग तिसऱ्यांदा तिने तीच काच बर्फात पुरली, पाठीवर घेतली आणि ढगांच्या वरचं शिखर गाठलं. राजाही बरोबर गेला. तिथे हवा इतकी कोरडी की ओठ फुटले. राजाने नळीला डोळा लावला, तर काळ्या डागाच्या आत उबेचे ठिपकेच ठिपके.

दोघं उतरून आली, तर मेणा दाराशी तयार. राणी आत बसलेली.

राजा म्हणाला, "ते तोंड नाही. आत चांदण्या जन्माला येतायत."

"जन्मताना पाहिल्यात?" राणीने विचारलं.

राजाने तुंगाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही, राणीसरकार. एकेका चांदणीला लाखो वर्षं लागतात. तेवढं कोण जगतंय? पण आंब्याची वाढ कळायला माळी एकाच कोयीपाशी बसून राहत नाही. कोंब एकीकडे दिसतो, रोप दुसरीकडे, झाड तिसरीकडे. तसंच मी बघितलं. या डागात त्या अजून गुरफटलेल्या आहेत. मृगाच्या खाली धुरकट ठिपका आहे, तिथे पडदा अर्धा उघडलाय. आणि कृत्तिका उघड्यावर आल्यात, पण अजून एकमेकींना सोडत नाहीत."

"आत नेमकं काय होतं?"

"धूळ आणि वायू असतो, गारठलेला. आपल्याच वजनाने तो गोळा होत जातो. दाबाने गाभा तापतो, तापत तापत पेटतो. मग चांदणी भोवतालची धूळ उडवून देते."

"आणि यातलं काही चुकत असलं तर?"

"तर मी पुन्हा वर जाईन आणि पुन्हा बघेन."

ज्योतिष्याने असं कधी म्हटलं नव्हतं. राणीने मेण्याचा पडदा सारला. मग भोयांना म्हणाली, "मेणा आत घ्या." आणि तिने भात मागवला.

पौर्णिमेच्या आत तिला मुलगी झाली. भरलेल्या गाड्या हळूहळू रिकाम्या झाल्या. गाव होतं तिथेच राहिलं, आणि सुखात राहिलं. राजकन्या पुढे आजी झाली, तरी डाग काळाच होता. ती नातवंडांना अंगणात नेऊन तो दाखवायची आणि म्हणायची, "हळू बोला, आत निजल्यात."

निजा आता तुम्हीही.