मांडलेलं पान

"...पण त्यांना नेमकं हवंय तरी काय, बाबा?"

विचारणारा अनिमिष कुलथे. पुण्यात संगणकाचं शिकलेला, पहिल्या वर्गात पास झालेला, आणि नोकरीच्या मुलाखती देऊन देऊन दमलेला. उद्या आणखी एक होती. तीही गेली तर गावी परतून वडिलांच्या सराफी दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. त्या दुकानात त्याला मुळीच बसायचं नव्हतं.

केवळगिरी बाबा नदीकाठच्या मठीत राहत. पूर्वाश्रमी त्यांनी अशाच एका कंपनीत वर्षानुवर्षं माणसं निवडली होती. म्हणून तर हा इतक्या लांब आला होता.

"तुला काय वाटतं?" बाबांनी विचारलं.

"मला सगळं येतं. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी प्रोग्रॅम लिहायला घेतो. माझ्या आधी कोणाचाच होत नाही. तरी म्हणतात, कळवू."

"आणि कळवत नाहीत."

"कळवतात. नाही म्हणून."

बाबांनी बाहेर पाहिलं. उन्हं अंगणात आली होती.

"जेवणवेळ झाली," ते म्हणाले. "पान मांड, आणि..."

आलेल्या माणसानंच पान मांडायचं, हा मठीचा रिवाज. अनिमिष केव्हाच उठला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्यानं केळीचं पान पुसलं. डावीकडे मीठ, चटणी. उजवीकडे वांग्याची भाजी. मधे कडक भाजलेली भाकरी. पान खरोखर देखणं झालं, आणि तेही हां हां म्हणता.

त्यानं ते बाबांपुढे ठेवलं.

बाबा जेवेनात.

"काही चुकलं का?"

बाबांनी तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

सकाळपासून अनिमिष त्यांच्याशीच बोलत होता. तो ओशाळला. पण ओशाळण्यात वेळ दवडणाऱ्यांतला तो नव्हे.

"थांबा, दुधात कुस्करून देतो."

त्यानं दुधाचं भांडं उचललंसुद्धा. बाबांनी त्याचा हात धरला.

"मला दूध चालतं?"

अनिमिषनं भांड्याकडे पाहिलं.

"पोटात ठरत नाही."

अनिमिषनं भांडं खाली ठेवलं आणि तिथंच बसला. आता त्याला मनापासून वाईट वाटलं. भाजी निवून गेली.

"बाबा," शेवटी तो हळूच म्हणाला, "मग तुम्ही जेवता तरी काय?"

"गुरुवारी काहीच नाही. माझा उपास असतो."

बाबांनी पान अलगद त्याच्यापुढे सरकवलं.

"मांड म्हटलं, ते तुझ्यासाठी."