बुबुळावरची कपची

डोंगराच्या पायथ्याशी पाथरवटांचं एक गाव होतं. जाती, पाटे, उखळं घडवायची आणि बाजारात विकायची, हाच तिथला धंदा. दगडावर छिन्नी पडली की कपच्या उडतात, आणि उडालेली कपची कधीतरी डोळ्यात जातेच. तसं झालं की माणसं तुळसाकडे येत.

तुळसा फार काही करत नसे. आधी आलेल्या माणसाचा डोळा चोळणारा हात धरायची. "चोळू नका, रुतेल," म्हणायची. मग स्वतःचे हात धुवायची, त्याला उजेडाकडे तोंड करून बसवायची, मान कलती करायला लावायची आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बारीक धार नाकाच्या बाजूने डोळ्यात सोडायची. बहुतेक कण तेवढ्यानेच वाहून जात. पांढऱ्या भागावर एखादा चिकटून राहिलाच, तर स्वच्छ फडक्याचं ओलं टोक हलकेच टेकवून ती तो उचलून घ्यायची.

बुबुळावर रुतलेल्या कणाला मात्र ती कधीही हात लावत नसे. अशा माणसाच्या डोळ्यावर ती वाटी पालथी ठेवायची, वरून सैल फडकं बांधायची आणि त्याला पेठेतल्या वैद्याकडे धाडायची. पेठ चार कोस लांब. माणसं कुरकुरत.

"आक्का, एवढ्याशा कणापायी अख्खा दिवस मोडायचा?"

"दिवस उद्या पुन्हा उगवेल," तुळसा म्हणायची. "डोळा उगवायचा नाही."

तुळसाला एकच लेक होती, सगुणा. पाथरवटांत अशी रीत होती, की पाहुणे मुलगी बघायला आले की तिच्याकडून जात्याला टाकी मारून घ्यायची, म्हणजे छिन्नीने दगडावर खाचा पाडून घ्यायच्या. चेहरा नंतर, हात आधी. सगुणाला दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरं स्थळ उद्या येणार होतं. हा मुलगा सगुणाने जत्रेत पाहिला होता आणि तिच्या मनात तो भरला होता. म्हणून ती सकाळपासून अंगणात सरावाला बसली होती.

छिन्नीचा एक घाव तिरपा पडला. सगुणाने हातोडा खाली टाकला आणि डोळ्यावर हात ठेवला.

तुळसा धावत आली. तिने डोळा धुतला. पुन्हा धुतला. पापणी वर करून बघितलं. अगदी बुबुळावर, मोहरीच्या चौथाईएवढी काळी कपची रुतून बसली होती.

तुळसाचा नवरा भिकाजी म्हणाला, "वाटी बांध. मी पेठेत घेऊन जातो. पाहुण्यांना पुढचा वार सांगू."

"पुढचा वार सांगितला की ते दुसरीकडे जातील," तुळसा म्हणाली. " आणि डोळ्यावर पट्टी बांधलेली पोर कोण पसंत करेल?"

शेजारीण कुंपणावरून बघत होती. ती म्हणाली, "गावभरच्या डोळ्यांतलं काढतेस, तुळसाक्का. लेकीचं काढायला वैद्य लागतो होय?"

तुळसाने सुई आणली आणि उकळत्या पाण्यात टाकली.

सगुणा हळूच म्हणाली, "आये, तूच म्हणतेस ना, रुतलेल्याला हात लावू नये."

"ते लोकांना सांगते मी. लोकांचा डोळा लोकांचा. तू माझी आहेस."

सगुणाने तोंड उजेडाकडे केलं. आईच्या हातावर तिचा विश्वास होता, आणि उद्याचा दिवस तिलाही हवा होता.

तुळसाचा हात स्थिर होता. सुईचं टोक कपचीला लागलं, कपची हलली, निघालीच. पण त्याच क्षणी डोळा आपसूक मिटला. डोळा काही कुणाच्या हुकमात नसतो. सगुणाच्या तोंडून बारीकसा आवाज आला, एवढंच.

"निघाली," तुळसा म्हणाली आणि लेकीला पोटाशी धरलं. "बघ, काही झालं नाही."

दुसऱ्या दिवशी डोळा लाल होऊन सुजला. पाहुणे आले, चहा झाला, जातं पुढे ठेवलं गेलं. सगुणाने एका डोळ्याने टाकी मारली. ती चुकली. दुसरी मारली, तीही चुकली. मुलाची आई प्रेमाने म्हणाली, "राहू दे, बाळ. आम्ही कळवतो." त्यांनी पुढे काहीच कळवलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुळसा आणि भिकाजी तिला पेठेत घेऊन गेले. वैद्याने दिव्याच्या उजेडात बराच वेळ बघितलं.

"कण कोणी काढला?"

"मी," तुळसा म्हणाली.

वैद्य तिला ओळखत होता. तिने धाडलेली कितीतरी माणसं त्याने बरी केली होती. तो रागावला नाही. "कण निघालाय," तो म्हणाला. "चरा राहिलाय, आणि चऱ्यात पू झालाय. त्याच दिवशी आणली असतीस तर..."

महिन्याभरात सगुणाच्या बुबुळावर पांढरा डाग धरला, डोळ्यात फूल पडलं.

सगुणा आईला कधी एका शब्दाने बोलली नाही. तुळसा मात्र रोज सकाळी तिच्यासमोर बसायची. सगुणा चांगला डोळा तळहाताने झाकायची.

"काय दिसतं?" तुळसा विचारायची.

"तू दिसतेस, आये."

"कालच्यापेक्षा बरी?"

"हो. जरा बरी."

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी तुळसाने विचारलं, "काय दिसतं?" आणि का कोण जाणे, उत्तर यायच्या आत ती आवाज न करता उठली आणि भिंतीकडेला सरकली.

सगुणाने चांगला डोळा झाकला होता. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून ती हसली.

"तू दिसतेस, आये. आज तर अगदी स्पष्ट."

तुळसाने पदर तोंडात धरला. मग ती परत आली, होती तिथे बसली आणि म्हणाली, "हो का गं? बरं झालं."

तात्पर्य: परक्याच्या बाबतीत जे करत नाही, ते मायेच्या भरात आपल्या माणसाच्या बाबतीतही करू नये. माया डोळ्यात तेल घालून जपते. घाई मायेचं नाव घेऊन येते आणि डोळाच घेऊन जाते.