वूचघाटाची हाक

४ डिसेंबर. पहाटेपासून नदीवर दाट धुके, वारा नाही.

वडखोल गावाखाली नावघाट आहे. त्याला वूचघाट म्हणतात. बाहेरचे लोक पाटी वाचून ‘उच्चघाट’ म्हणतात आणि चढण शोधत राहतात. घाट तर पाण्याच्या काठाला टेकलेला, सखल. इथला नावाडी केरबा अंबी नाव सोडण्यापूर्वी धुक्याकडे तोंड करून ‘वूच’ अशी हाक देतो आणि थांबतो. नावेची पुढची फळी तो कायम मोकळी ठेवतो.

त्या सकाळी आलेल्या पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, “वूच हे पोलंडमधलं शहर ना? इंग्रजीत त्याला लॉड्झ म्हणतात.”

“म्हणा की,” केरबा म्हणाला, “पण नावंत बसून नगा म्हणू.” आणि त्याने आपल्या आज्याची, सिदू अंबीची, हकीकत सांगितली.

महायुद्धाच्या काळात पैलतीराच्या माळावर पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, असे सांगतात. तिथला एक आंधळा म्हातारा, युझेफ, रोज सिदूच्या नावेतून ऐलतीरी येई आणि धुण्याच्या दगडावर बसून राही. मोडकेतोडके मराठी त्याला येऊ लागले होते. एकदा सिदूने विचारले, “बाबा, तुमच्या गावाचं नाव काय?”

“नाव.”

“अवो, नावच इचारतोय! काय नाव?”

म्हाताऱ्याने चाचपत नावेच्या लाकडावर थाप मारली. “ही. नाव. आमची बोली, वूच.”

सिदू पोट धरधरून हसला. ज्या गावाचे नावच नाव, तिथला माणूस नावघाटावर बसणार नाही तर कुठे! पण त्याच्या तोंडी तो शब्द नीट येईना. चाकातला ‘च’ लागला की म्हातारा मान हलवी. शेवटी सिदूच्या बायकोने चहा आणला, तेव्हा पेल्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “हा च.” त्या दिवसापासून सिदूला वूच म्हणता येऊ लागले आणि म्हाताऱ्याला गाव वूचबाबा म्हणू लागले. युझेफ हे नाव सिदूच्या तोंडी कधी आलेच नाही.

म्हाताऱ्याला एकच आस होती. युद्धात ताटातूट झालेली बहीण शोधत येईल. “छावणीत युझेफ खूप. ती गाव हाक मारेल. मला दिसत नाही, पण ऐकेन,” तो म्हणे.

एका सकाळी असेच धुके होते. वूचबाबाला ऐलतीरी सोडून सिदू नाव घेऊन पैलतीरी उभा असताना वर मोटार थांबली. आत एक आजारी बाई होती. तिला खाली उतरवत नव्हते. तिच्यासोबतचा गोरा अधिकारी काठावर आला आणि इंग्रजी उच्चाराने म्हणाला, “लॉड्झचा जोसेफ. हाक मार.”

सिदूचा आवाज तीन शेतांपलीकडे जाई. त्याने छाती भरून पुकारा केला, “लॉड्झचा जोसेफऽऽ!” पुन्हा केला. ऐलतीरावरून उत्तर आले नाही. अधिकारी परत गेला.

सिदूने नाव आणली आणि दगडावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले, “बाबा, लॉड्झ कुठं आलं वो?”

“ठाऊक नाही,” वूचबाबा म्हणाला.

थोड्या वेळाने पैलतीरावरून बाईचा आवाज आला, “वूच! वूच!” म्हातारा ताडकन उठला. “इदे!” तो ओरडला. त्याच्या बोलीत इदे म्हणजे ‘येतो’. काठीही न घेता तो पुढच्या फळीवर जाऊन बसला. सिदूने नाव रेटली. मध्यावर धुके इतके दाटले की त्याला बाबाची पाठ दिसेना. “बाबा, नीट धरा,” तो म्हणाला. पुढून शांतपणे “इदे” एवढेच ऐकू आले.

नाव काठाला लागली तेव्हा फळी मोकळी होती. पाण्यात काही पडल्याचा आवाज सिदूने ऐकला नव्हता, म्हणे. काठावर छावणीतली शेजारीण धापा टाकत उभी होती; हाक तिनेच मारली होती. बहीण आली होती, भाऊ सापडला नाही म्हणून मोटार स्टेशनकडे गेली, एवढे सांगायला ती धावत आली होती.

गावाने डोह ढवळला. काही हाती लागले नाही. बहीण पुन्हा आली नाही. सिदूने पाण्यात उभे राहून शपथ घेतली: माझ्या वंशातला जो कोणी नाव सोडेल, तो आधी बाबाचे गाव बरोबर पुकारेल. उत्तर आले, तर त्या फेरीला नाव बाबाची. दुसऱ्या कुणाला घ्यायचे नाही.

हकीकत संपवून केरबा उठला. पाहुणे नावेत बसले होते, पुढची फळी सोडून. त्याने धुक्याकडे तोंड केले.

“वूऽच!”

हाकेनंतर तो रोज थांबतो, तसा थांबला.

“इदे,” पुढच्या फळीवरून आवाज आला.

केरबाने पाहुण्यांना हात देऊन एकेकाला खाली उतरवले आणि दोर सोडला. नाव रिकामी, वल्ह्यावाचून, पैलतीराकडे गेली. पाहुणे वळसा घालून पुलावरून गेले.