सुईवाली आजी आणि पहिलं पाणी

ही गोष्ट तेव्हाची आहे, जेव्हा घाट चढायला माणसांकडे स्वतःच्या पायांशिवाय दुसरं काही नव्हतं आणि पाखरांना माणसांची भाषा येत होती. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये.

एका उंच डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. तिथे धुकं भरपूर, माती तांबडी, आणि त्या मातीत पिकायची स्ट्रॉबेरी. ती तिथे कुणी आणली, कधी आणली, कुणालाच ठाऊक नव्हतं. थंडी पडली की वाफ्यांतल्या वाळल्या गवतावर लालबुंद फळं लोळायची आणि घराघरात त्यांचा वास शिरायचा.

गावाला झरा मात्र एकच, तोही माथ्यावर. त्याचं पाणी पाटानं खाली यायचं. ऊन तापू लागलं की झऱ्याची धार करंगळीएवढी व्हायची. मग ज्याला पहिलं पाणी मिळे त्याचे वाफे हिरवे राहत, आणि ज्याला शेवटचं मिळे त्याच्या वाट्याला नुसता ओला पाट येई.

पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून गावानं एक रिवाज पाडला होता. त्याला म्हणत चाखणी. हंगाम भरात आला की एका ठरलेल्या सकाळी जो परका माणूस घाट चढून सर्वांत आधी येईल, तो गावाचा पाहुणा. त्याला पारावर बसवायचं. प्रत्येक घरानं आपल्या पद्धतीनं स्ट्रॉबेरीचं ताट करून त्याच्यापुढे ठेवायचं. पाहुणा जे ताट स्वतःकडे ओढेल त्या घराला वर्षभर पहिलं पाणी. जे मागे सारेल त्या घराला शेवटचं.

रिवाज चांगला होता. पण हळूहळू प्रत्येक घराला आपल्या पद्धतीचा ताठा चढला. भागीरथीकाकूंच्या घरी साय आणि साखर. बाळोबांच्या घरी मीठ आणि लाल तिखट. पाटलांच्या घरी पाकात आटवलेला मुरांबा. एका घरचा माणूस दुसऱ्या घरची स्ट्रॉबेरी तोंडात घालायचा नाही. घातलीच, तर तोंड वाकडं करायचा.

उताराच्या अगदी तळाशी येसूचं घर होतं. येसू त्या घरची सून. तिचा नवरा राजाच्या फौजेत लांब गेला होता, त्यामुळे घरात ती आणि तिची सासू गोजराबाई, दोघीच. त्यांच्या घरची पद्धत म्हणजे कुस्करलेली स्ट्रॉबेरी, वरून आल्याचा रस आणि सैंधव. गेल्या चाखणीला आलेल्या पाहुण्याला आल्यानं ठसका लागला आणि त्यानं ताट असं मागे सारलं की ते पारावरून खालीच पडलं.

वर्षभर त्यांना शेवटचं पाणी मिळालं. अर्धे वाफे वाळून गेले. उरलेली झाडं कशीबशी तगली होती. यंदाही शेवटचंच पाणी आलं असतं, तर तीही उपटून टाकावी लागली असती. आणि वाफे गेले की त्या उतारावर दुसरं काही पिकत नव्हतं.

येसू फार कमी बोलायची. चारचौघांत कुणी काही विचारलं तरी तिची मान खाली जायची. पण तिचे डोळे खाली गेल्यावरही पाहतच असत.

चाखणी जवळ आली तसा सगळ्या गावानं वाफ्यांवर हात मारला. ताट भरलेलं दिसावं म्हणून पिकलेली तोडली आणि अर्धी कच्चीही तोडली. येसूनं मात्र फक्त पिकलेली तोडली. ती होती ओंजळभर.

"एवढीशी?" गोजराबाई म्हणाल्या. "आणि ती मागे कशाला ठेवलीस? बुलबुलाच्या बारशाला?"

"देठापाशी पांढरी आहेत, आत्याबाई. तोडल्यावर ती गोड होत नाहीत. झाडावरच राहू देत."

"राहू देत म्हणे! पाणी मिळालं नाही तर झाडंच राहायची नाहीत."

सासूबाई गेल्यावर कुंपणावरचा बुलबुल खाली आला.

"मला ऐकू आलं हं सगळं," तो म्हणाला. "राहिलेली माझी ना?"

"नको ना रे."

"बरं, एक."

"एक घे. पण पिकल्यावर."

"मी काय कच्ची खातो? मी काय गावातला आहे?" बुलबुल म्हणाला आणि उडून गेला.

दोन दिवसांनी चाखणीची सकाळ उजाडली. सगळं गाव घाटाच्या तोंडाशी जमलं. कुणाला वाटत होतं एखादा सरदार यावा, कुणाला वाटत होतं एखादा व्यापारी यावा. धुक्यातून वर आली एक म्हातारी. डोक्यावर टोपली, टोपलीत सुया, दोरे आणि फण्या. धापा टाकत ती म्हणाली, "अगं बाई! सुया घ्यायला एवढी गर्दी?"

पाटलांनी पुढे होऊन तिची टोपली उतरवून घेतली. तिला पारावर बसवलं, पाणी दिलं, रिवाज समजावून सांगितला. म्हातारीनं सगळं ऐकलं आणि पाय पोटाशी घेऊन बसली. ताटं येऊ लागली.

बाळोबांनी पहिलं ताट ठेवलं. तिखटाचा रंग फळापेक्षा लाल होता.

"बाबा रे," म्हातारी म्हणाली, "उन्हातान्हात फिरून माझ्या तोंडाला फोड आलेत. त्यावर तिखट घालतोस? मी तुझं काय वाकडं केलं?"

"एकदा खाऊन तर बघा!" बाळोबा म्हणाले. "आमच्याकडे अशीच खातात."

म्हातारीनं एक तुकडा तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग भागीरथीकाकू आल्या. वाटीभर साय, त्यावर साखर, त्यात कुठेतरी स्ट्रॉबेरी.

"साय मला सोसत नाही गं. आणि मला अजून पुढचा घाट चालायचाय."

"एकदा खाऊन तर बघा! आमची साय अशी-तशी नाही."

म्हातारीनं चमच्याच्या टोकावर घेतली आणि पुढचा घाट आठवून हळूच गिळली.

पाटलांच्या मुरांब्यावर ती म्हणाली, "गोड आहे हो. पण यातलं फळ कुठे गेलं, ते शोधतेय." लोक हसले. पाटीलही हसले, पण तेही म्हणाले, "एकदा खाऊन तर बघा!"

ताटांमागून ताटं येत राहिली. म्हातारी सगळ्यांना मान डोलवत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

येसू घोळक्याच्या मागे ताट धरून उभी होती. तिनं पाहिलं, की मुरांब्याच्या ताटाभोवती शोभेला लावलेल्या फळांतलं एक हिरवं देठ म्हातारीनं गुपचूप उचललं होतं. ते ती मुठीत धरून अधूनमधून हुंगत होती. आणि तिची नजर ताटांवर नव्हतीच. ती लोकांच्या खांद्यांवरून खाली, वाफ्यांकडे जात होती.

"चल, आपली पाळी," गोजराबाईंनी तिला पुढे ढकललं. "आलं नीट ढवळ. आणि सांग, आमच्याकडे अशीच खातात म्हणून."

येसू पुढे गेली. तिनं ताटाकडे पाहिलं. तोंडाला फोड आलेल्या बाईपुढे आल्याचं ताट! तिनं ते पारावर ठेवलंच नाही. मागे वळून सासूच्या हातात परत दिलं.

"अगं, करतेस काय?" गोजराबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ताटच नाही ठेवलं तर शेवटचं पाणी ठरलेलं आहे!"

येसूचे कान लाल झाले. सगळं गाव बघत होतं. तरी ती म्हातारीपुढे वाकली आणि तिनं विचारलं,

"आजी, तुम्हाला कशी आवडते?"

म्हातारीनं मान वर केली.

"मला होय? मला आपली झाडावरची आवडते. उन्हानं जराशी कोमट झालेली. माझी मी तोडायची आणि तिथेच बसून खायची. पण ते तुमच्या रिवाजात बसायचं नाही."

"हात्तिच्या, एवढंच ना!" भागीरथीकाकू म्हणाल्या. "चला की आमच्या वाफ्यात."

सगळे भागीरथीकाकूंच्या वाफ्यात गेले. वाफे हिरवेगार होते, पण पानं उलटून पाहिली तर खाली एकही पिकलेलं फळ नाही. सगळी ताटात गेलेली. बाळोबांच्या वाफ्यात तेच. पाटलांच्याही तेच. जे ते घर दुसऱ्याकडे बोट दाखवू लागलं.

"आमच्याकडे आहेत थोडी," येसू म्हणाली.

गोजराबाईंनी तिचा हात धरला. "नको गं. ते वाळलेले वाफे काय दाखवायचे पाहुण्याला?"

"त्यांना फळ हवंय, आत्याबाई. वाफे नकोत."

गोजराबाईंचा हात सुटला.

तळाच्या वाफ्यात ऊन आलं होतं. अर्धी जमीन तडकलेली, अर्धी झाडं काटक्या झालेली. पण जी तगली होती त्यांच्या पानांखाली, येसूनं मागे ठेवलेली फळं आता देठापर्यंत लाल झाली होती. म्हातारी गुडघे टेकून गवतावर बसली. तिनं पान वर केलं, फळाला नुसतं बोट लावलं, थोडी थांबली, आणि मग देठासकट तोडलं. डोळे मिटून खाल्लं. मग दुसरं खाल्लं. तिसरं खाताना ती काहीतरी गुणगुणू लागली. बाळोबांना खाकरायचं होतं, पण त्यांनी ते गिळून टाकलं.

"हं," बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली. "पहिलं पाणी या घराला."

"अहो, पण त्यांनी ताट कुठे ठेवलं?" भागीरथीकाकू पुढे सरसावल्या. "पाहुण्यानं ताट ओढायला हवं. ताटच नाही, तर ओढणार काय?"

म्हातारीनं आपला तळहात पुढे केला. तो रसानं लाल झाला होता. तिनं तो सगळ्यांना दाखवला आणि सावकाश स्वतःच्या छातीशी ओढून घेतला.

"हे बघा माझं ताट," ती म्हणाली. "आणि मागे सारायला मला कुणाचंच ताट नको. बाकीच्यांनी वाफ्यांची तहान बघून पाणी घ्यावं."

पाटलांनी मान डोलावली आणि पाटाचं तोंड तळाच्या वाफ्यांकडे वळवायला सांगितलं.

म्हातारी उठली. येसूनं तिच्याकडे एक सुई मागितली, तर म्हातारीनं विचारलं, "जाड हवी की बारीक?" आणि दोघी हसल्या. मग ती टोपली डोक्यावर घेऊन पुढच्या घाटाला लागली. बुलबुलानं आपलं एक फळ घेतलं, आणि कुणी बघत नाही असं पाहून आणखी एक घेतलं.

त्या वर्षी तळाचे वाफे पुन्हा हिरवे झाले. गावातली चाखणी काही बंद पडली नाही, पण पुढच्या खेपेला पाहुणा पारावर बसला तेव्हा बाळोबांनी तिखटाचा डबा मागे लपवून आधी विचारलं, "पाहुणं, तिखट चालतं का?"

चाखणीच्या त्या संध्याकाळी मात्र येसूच्या घरात एक निराळीच गोष्ट घडली. गोजराबाई ओट्यापाशी बसल्या होत्या. समोर वाफ्यातली उरलेली मूठभर फळं होती. सवयीनं त्यांनी आलं हातात घेतलं, आणि किसता किसता थांबल्या.

"येसू, तुला कशी आवडते गं?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. येसूनं मान खाली घातली. पदराशी चाळा केला. मग अगदी हळू म्हणाली,

"साय-साखरेतली."

"अरे देवा!" गोजराबाईंनी कपाळावर हात मारला. "भागीरथीच्या घरची?"

हातातलं आलं त्यांनी बाजूला ठेवलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, फडताळातली रिकामी वाटी घेतली, आणि साय मागायला भागीरथीकाकूंच्या घराची चढण चढू लागल्या.

तात्पर्य: आपली आवड दुसऱ्याच्या ताटात वाढण्याआधी, त्याची आवड काय आहे हे त्याला विचारावं.